दहा घोट

पहिल्या तपासणीचा कागद हातात पडला तेव्हा मास्तरांनी घरात पाऊल टाकता टाकताच जाहीर केलं, "पास झालो." काकूंनी तो कागद उलटसुलट करून वाचला. त्यात पास असं कुठंच नव्हतं. रुग्णाने तपासणीच्या वेळी वारंवार जोर लावल्यामुळे निष्कर्ष काढता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. पण मास्तरांनी एकदा पास व्हायचं ठरवलं की कागदावर काय लिहिलंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं.

मास्तर म्हणजे शहराच्या बँडचे मास्तर. दर रविवारी बागेत जो बँड वाजतो, त्यात पहिल्या खुर्चीवर ट्रम्पेट घेऊन बसणारा आणि वीस-बावीस वादकांना नुसत्या भुवईने चालवणारा माणूस. वय एकसष्ट, आवाज भरदार, छाती रुंद, आणि चूक कबूल करायची वेळ आली की नेमका खोकला यायचा. काकू म्हणजे त्यांची बायको. मुलांच्या वसतिगृहात त्या सव्वीस वर्षं स्वयंपाक करत होत्या. तिथली ऐंशी पोरं त्यांना काकू म्हणायची. मग पोरांचे आईबाप म्हणायला लागले, मग भाजीवाला, मग सगळी गल्ली. त्यांच्या पोटच्या लेकीनेसुद्धा थट्टेत सुरुवात केली आणि पुढे तेच कायम झालं.

तर ऐंशी जणांना जेवू घालणाऱ्या या बाईचा नवरा दोन वर्षांत अठ्ठ्याहत्तर किलोंचा सत्तावन्न किलो झाला होता. पट्ट्याला नवी भोकं पाडून झाली, गणवेशाचा कोट दोनदा आत घेऊन झाला. ताटावर बसायची वेळ आली की मास्तरांकडे कारणं तयार असायची. आज दाढ ठणकतेय. आज तालमीत सगळ्यांनी मिळून काहीतरी खाल्लंय. आज एक जुना मित्र भेटला होता. त्यांनी एवढे जुने मित्र कधी जोडलेले काकूंना आठवत नव्हते. शेजाऱ्यांनी पित्त ठरवलं, लेकीने टेन्शन ठरवलं, जावयाने इंटरनेटवरून तिसरंच काहीतरी काढलं. पित्ताच्या गोळ्यांची पाकिटं खणात मावेनाशी झाली आणि मास्तर वाळतच गेले.

खरा प्रकार काकूंना समजला तो पहिल्या तपासणीच्या आधी, योगायोगाने. मास्तर संध्याकाळी तालमीच्या खोलीत ताट घेऊन जात आणि "वाजवता वाजवता खातो" म्हणून दार लावून घेत. एके दिवशी दार नीट लागलं नव्हतं. काकूंनी फटीतून पाहिलं. मास्तर भिंतीशी ताठ उभे होते. ब्रेडचा नखाएवढा तुकडा त्यांनी तोंडात टाकला, बराच वेळ चावला, वर अर्धा पेला पाणी घेतलं. मग हनुवटी वर केली, दोन्ही हात मागे खेचले, छाती फुगवून श्वास रोखला आणि पोटातून असा जोर लावला की मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. छातीतून गुडगुड असा आवाज आला. मास्तरांनी डोळे मिटले, भिंतीला टेकले, घाम पुसला. मग दुसरा तुकडा उचलला. अर्धा ब्रेड संपायला पाऊण तास लागला, आणि काकू तेवढा वेळ फटीशी उभ्या राहिल्या.

त्या आत गेल्या तेव्हा मास्तरांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते हे: "कुणाला सांगितलंस तर माझी शपथ आहे."

"अहो, पण डॉक्टरांना तरी..."

"डॉक्टरांना तर मुळीच नाही. फुंकणाऱ्या माणसाला घास गिळता येत नाही म्हटल्यावर बँडमध्ये कोण ठेवेल? मी करतोय ना माझं? जातंय ना खाली?"

काकू मूग गिळून गप्प बसल्या. त्या घरात सरळ गिळता येण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

उतरत्या वजनामुळे शेवटी दवाखाना गाठावाच लागला, आणि पहिली तपासणी फसल्यावर पोटाच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. दुर्बीण घालून पाहिलं होतं, आत ना जखम ना गाठ. "मला संशय आहे तो अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला असते त्या झडपेचा. ती उघडत नसावी. पण संशयावर कुणी सुरी चालवत नाही. गिळतानाच्या दाबाचं स्वच्छ चित्र मिळालं तर उद्या शस्त्रक्रियेची तारीख देतो. एकदा पुन्हा तपासणी करू. याही वेळी काही कळलं नाही, तर पोटाला छिद्र पाडून नळीतून अन्न द्यावं लागेल, कारण वजनाची ही घसरण आता थांबवलीच पाहिजे. आणि मग मनाच्या डॉक्टरांकडेही पाठवीन." मास्तर मान हलवत होते. काकूंनी मात्र त्याच खुर्चीत बसल्या बसल्या कंबर कसली. पोटाला नळी लावून घ्यायची वेळ त्या येऊ देणार नव्हत्या, मग त्यासाठी नवऱ्याशी जन्माचं वाकडं आलं तरी चालेल.

दुसऱ्या तपासणीचा दिवस उजाडला. आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ, सकाळपासून पाणीसुद्धा नाही. तपासणीची खोली तिसऱ्या मजल्यावर, बोळाच्या शेवटी होती. आत एक खुर्ची, एक पलंग, एक संगणकाचा पडदा आणि भिंतीवर अन्ननलिकेचं कोपरे वळलेलं चित्र. तपासणी करणारी सिस्टर चाळिशीची, ठेंगणी, चष्मा कपाळावर चढवलेला. नातेवाइकांनी बाहेर थांबायचं असा नियम होता, म्हणून काकू बाहेरच्या बाकावर बसल्या. दार लोटलेलं होतं, पण कडी लागलेली नव्हती. दाराच्या फटी काकूंच्या नशिबातच असाव्यात.

"काका, ही नळी," सिस्टरचा आवाज आला. "बुटाच्या नाडीहून थोडी जाड. हिच्यावर छत्तीस ठिकाणी दाब मोजला जातो, बोटाबोटाच्या अंतरावर. नाकातून घालून थेट पोटापर्यंत नेणार. जेल लावलंय, नाक बधिर होईल. नळी खाली जाताना घोटघोट पाणी ओढत राहायचं."

या भागात मास्तरांनी कमाल केली. ना ओकारी, ना हात झटकणं. पण नळी खाली जाऊन अडली आणि वळली. सिस्टरने थोडी मागे ओढली, पुन्हा सरकवली. पुन्हा तेच. "खालची झडप वाट देत नाहीये," ती स्वतःशीच म्हणाली. तिसऱ्यांदा तिने मास्तरांना हळूहळू श्वास सोडायला लावला, दोन मिनिटं नुसती थांबली, आणि नळी अलगद पार झाली. "आता एक खोल श्वास. हां. बसली बरोबर." तिने नाकाशी चिकटपट्टी लावली आणि मास्तरांना पलंगावर उताणं झोपवलं.

"आता सिरिंजने चमचाभर पाणी तोंडात देईन. मी म्हटलं की एकदाच गिळायचं. मग अर्धा मिनिट लाळसुद्धा गिळायची नाही. असे दहा घोट."

पहिला घोट. काकू कान देऊन ऐकत होत्या.

"काका, जोर लावू नका."

"मी कुठं लावतोय?"

दुसरा घोट. सिस्टर सुस्कारली. "काका, तुम्ही पोटातून दाबताय."

"सवय आहे. वाजवणारा माणूस."

तिसऱ्या घोटाला सिस्टरने टोकणंसुद्धा सोडून दिलं, आणि काकूंना उमगलं. हेच पहिल्या वेळी झालं असणार. हा माणूस पलंगावर पडल्या पडल्या पास व्हायला लागला होता. आणखी सात घोट असेच जातील, कागदावर तेच वाक्य छापून येईल, आणि मग ती नळी. बाकावर बसलेल्या काकूंनी शपथेचा विचार केला तो एवढाच, की शपथ घालणारा जगला तर तिचा उपयोग. त्या उठल्या आणि दार ढकलून आत गेल्या.

"काकू, बाहेर थांबा," सिस्टर म्हणाली.

"थांबते. आधी एक सांगते. ते खोटं बोलताहेत. सवय वाजवायची नाही, गिळायची आहे. दोन वर्षं ते असंच गिळतात."

मास्तर ताडकन उठायला गेले, पण नाकातल्या नळीने त्यांना जागच्या जागी रोखलं. "अगं, शपथ घातली होती तुला."

"मोडली," काकू म्हणाल्या.  आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. दार लावून उभ्याने जेवणं, पाणी, हात मागे, छाती वर. नुसतं सांगून भागेना म्हणून त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि सगळं करून दाखवलं.  मास्तरांनी तोंड दुसरीकडे वळवलं.

सिस्टरने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पडदा काकूंकडे फिरवला. "हे बघा. वर घसा, खाली पोट. निळं म्हणजे दाब कमी, पिवळं-लाल म्हणजे जास्त. माणूस गिळतो तेव्हा वरून खाली एक तिरकी लाल पट्टी उतरते, ती लाट. ही इथली आडवी लाल रेघ म्हणजे खालची झडप. लाट आली की तिने उघडायला हवं. आता यांनी जोर लावला की काय होतं बघा. वरपासून खालपर्यंत सगळं एकदम पिवळं, पोटसुद्धा. मग आजार कुठला आणि काकांचा जोर कुठला, हे कसं ओळखू?"

"आणि जोर नसला तर?"

"तर पोट निळं राहील. मग वर जे काही दिसेल ते खरं." ती मास्तरांकडे वळली. काकूंना वाटलं होतं की ही आता चांगली फैलावर घेणार. पण ती म्हणाली, "काका, दोन वर्षं तुम्ही फार कष्टाने जेवलात."

मास्तरांना खोकला आला. नळीमुळे तो धड खोकताही येईना, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोकल्याचं होतं असं आपण समजू.

थोड्या वेळाने ते बारीक आवाजात म्हणाले, "मी जोर नाही लावला तर ते पाणी खाली जाणारच नाही."

"नको जाऊ दे. तेच बघायचंय."

"म्हणजे नापास."

"काका, आमच्याकडे नापास झाल्याशिवाय इलाज मिळत नाही."

मास्तर छताकडे बघत राहिले. काकूंना त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधायचा होता, तो सापडला असता तर बरं वाटलं असतं. तिथे भीती होती. या माणसाला त्यांनी भर पावसात उघड्या मैदानावर वाजवताना पाहिलं होतं, स्वतःच्या वडिलांना खांदा देऊन दुसऱ्या दिवशी तालमीला जाताना पाहिलं होतं. चमचाभर पाण्याला ते घाबरले होते. काकूंचा निश्चय आणखी घट्ट झाला.

"मला थांबू द्या इथं," त्या सिस्टरला म्हणाल्या. "यांना स्वतःला कळत नाही कधी जोर लागतो ते. मला कळेल." आणि परवानगीची वाट न बघता त्यांनी मास्तरांच्या पोटावर तळहात ठेवला.

सिस्टरने जरा विचार केला. "हलका ठेवा. दाबायचा नाही. पोट घट्ट झालं की नुसतं बोट टेकवा. आणि पहिले तीन घोट बाद. परत एकपासून."

एक. पाणी तोंडात गेलं, मास्तरांनी गिळलं, आणि काकूंच्या तळव्याखाली पोट दगडासारखं झालं. त्यांनी बोट टेकवलं, पण उशीर झाला होता. "बाद," सिस्टर म्हणाली. "परत एक." तेही बाद. काकूंनी पडद्याकडे बघणं सोडून दिलं आणि मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघायला लागल्या. जोर लावायच्या आधी त्यांची डावी भुवई उठत होती. ज्या भुवईवर बावीस माणसं चालत, ती.

"परत एक."

पाणी. घोट. भुवई हलली. काकूंनी तेव्हाच बोट टेकवलं. पोट घट्ट होता होता सैल पडलं. मास्तरांच्या छातीत काहीतरी अडलं होतं, ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं, पण त्यांनी काही केलं नाही. नुसते पडून राहिले. काकूंनी मान वर करून पाहिलं. वरून तिरकी उतरणारी लाल पट्टी कुठेच नव्हती. घशापासून झडपेपर्यंतचा सगळा उभा भाग एकदम पिवळा झाला होता, झडपेची लाल रेघ जशीच्या तशी बंद होती, आणि तिच्या खाली पोट निळं. स्वच्छ निळं.

"हा घेतला," सिस्टर म्हणाली आणि खूण केली. तिचा आवाज सरळ होता, पण ती खुर्चीत पुढे सरकून बसली होती.

दोन. तीन. मधल्या अर्ध्या मिनिटांत लाळ गिळायची नव्हती, ती ओठांच्या कोपऱ्यातून ओघळायची. काकू टॉवेलने पुसायच्या. पोराचं तोंड पुसावं तसं कुणी आपलं तोंड पुसतंय याची मास्तरांना एरवी किती लाज वाटली असती. चौथ्याला ते कळवळले. "छातीत उभं राहिलंय गं."

"असू दे. मी आहे."

पाच. सहा. सातव्याला मास्तरांचे हात आपोआप मागे जायला लागले, खांदे उचलले गेले. काकूंनी बोट टेकवलं, तरी पोट सैल पडेना. त्यांनी दुसरं बोट टेकवलं. "अहो," त्या कानाशी वाकून म्हणाल्या, "चुकू द्या आज. माझ्यासमोर चुकू द्या." मास्तरांनी डोळे गच्च मिटले. मग त्यांचे खांदे गादीवर पडले आणि काकूंच्या हाताखालचं पोट एकदम मऊ झालं.

"सात," सिस्टर म्हणाली.

आठ, नऊ आणि दहा सरळ गेले. सरळ म्हणजे एकही घोट खाली गेला नाही.

मग मास्तरांना उठवून बसवलं आणि पेलाभर पाणी एका दमात प्यायला दिलं. अर्ध्यावर ते थांबले. पाणी गळ्यापर्यंत चढलं होतं. घरी असते तर ते भिंतीला टेकून उभे राहिले असते. त्यांनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी ट्रेमधलं भांडं पुढे केलं, आणि सगळं पाणी वर आलं. काकूंनी भांडं धरलं, पाठीवर हात फिरवला, तोंड पुसलं. सिस्टरने टकटक करून आणखी एक खूण नोंदवली. नळी निघाली तेव्हा मास्तर घामाने निथळत होते.

"निकाल डॉक्टर सांगतील, मी सांगू शकत नाही," सिस्टर म्हणाली.

"पोट निळं राहिलं ना, एवढंच सांगा."

"दहाच्या दहा वेळा."

डॉक्टरांकडे दोन दिवसांनी या, असं खिडकीवरच्या माणसाने सांगितलं. काकूंनी मान डोलावली आणि सरळ डॉक्टरांच्या खोलीबाहेर जाऊन दारातच उभ्या राहिल्या. डॉक्टर जेवायला निघाले होते. काकू बाजूला झाल्या नाहीत. "पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. "बघा, आणि मग सावकाश जेवा. तुम्हाला जेवता येतं." डॉक्टर परत फिरले. पडद्यावर दहा चित्रं एकाखाली एक उघडली आणि त्यांनी ती एकेक करून शेवटपर्यंत पाहिली.

"इतकं स्वच्छ चित्र फार कमी वेळा मिळतं," ते शेवटी म्हणाले. "लाट नाहीच. झडप उघडत नाही. याला नाव आहे आणि याला इलाज आहे. झडपेचा स्नायू कापून मोकळा करायचा, छोट्या छिद्रांतून. मनाबिनाचं काही नाही हे. पुढच्या गुरुवारी घेतो."

"आणि ट्रम्पेट?" मास्तरांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"जखमा भरल्या की फुंका. दीड-दोन महिने धरा."

काकूंचा जीव भांड्यात पडला. तो पडल्याबरोबर इतक्या दिवसांचा रागही वर आला, आणि जिन्यात पहिल्याच वळणावर त्यांनी मास्तरांना थांबवलं. मास्तर कठड्याला धरून पायरीवर बसले. काकू खालच्या पायरीवर उभ्या राहिल्या, म्हणजे दोघांचे चेहरे समोरासमोर आले.

"पहिल्याच दिवशी मला का नाही सांगितलं?"

मास्तर कठड्याच्या गजांकडे बघत होते. या वेळी त्यांना खोकला आला नाही.

"मला रोज भूक लागायची," ते म्हणाले. "तू वसतिगृहातून यायचीस ना, तुझ्या कपड्यांना शिजलेल्या भाताचा वास असायचा. मला असं वाटायचं की आत्ता ताट घेऊन बसावं."

"मग म्हणायचं तरी. भूक लागली, एवढं तरी."

"म्हटलं असतं तर तू वाढलं असतंस," मास्तर म्हणाले. "आणि समोर बसली असतीस."